डोक्याच्या मारानंतरची ‘स्वतंत्र’ वैद्यकीय तपासणी: कोणाला अनुभव आहे का?

हर्णैकरीण | १४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा दादा, वय ३९. हर्णै बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, बर्फात भरायची आणि टेम्पोने खेडच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. वडिलांपासून चालत आलेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये संध्याकाळचा लिलाव आटपून मोटारसायकलने दापोलीकडे येताना आसूदजवळच्या वळणावर मागून आलेल्या गाडीने उडवलं. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. नऊ दिवस इस्पितळात होता. ऑपरेशन करावं लागलं नाही. सीटी स्कॅनमध्ये कपाळामागे मेंदूला थोडा मार आणि रक्तस्राव दिसला होता, तो आपोआप विरला. हातपाय शाबूत, बोलणं स्वच्छ. घरी आला तेव्हा आईने दृष्ट काढली आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

पण जो घरी आला तो आमचा दादा नव्हता. हे कसं सांगायचं तेच कळत नाही, म्हणून दोन प्रसंग लिहिते.

पहिला. अपघाताला वर्ष होत आलं होतं, दादा परत लिलावाला जायला लागला होता. वाळूवर पाट्या मांडलेल्या, सगळीकडून बोली चाललेली. दादाने एका पाटीवर बोली लावली. त्याच्यावर कोणी बोललं नाही. तर त्याने स्वतःच्याच बोलीवर पुन्हा वाढवून बोली लावली. मग तिसऱ्यांदा. लोक हसले. दादाही हसला. वहिनी मागे उभी होती, ती घरी येऊन मोरीत रडली.

दुसरा. आमच्या दादाला दोन हातांवरून कळायचं, बांगडा आजचा की कालचा. कल्ला उघडून बघायचीसुद्धा गरज नसायची. गेल्या वर्षी त्याने ताज्या मालात नासलेली पाटी भरली आणि तशीच खेडला नेली. टेम्पोवाला नाकाला रुमाल लावून बसला होता, दादाला काही नाही. गिऱ्हाइकांनी माल तोंडावर परत आणून टाकला. तेव्हा कुठे आम्हाला समजलं की त्याला वासच येत नाही.

आता मुद्दा. आम्ही सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीने गेल्या जूनमध्ये ‘स्वतंत्र वैद्यकीय तपासणी’साठी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वीस मिनिटं. वहिनीला बाहेर बसवलं. तारीख काय, वार काय, शंभरातून सात सात वजा करा, तीन शब्द लक्षात ठेवा. दादाने तीसपैकी सत्तावीस गुण मिळवले. स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला, दादाने मान झटकली. लिहिलं, ‘वास येतो’. आणि दादा स्वतः म्हणाला, “मी एकदम ठीक आहे डॉक्टर, घरची माणसं उगाच घाबरतात.” अहवाल आला: आकलन सामान्य, इजा किरकोळ, कायमचं अपंगत्व पाच टक्के.

आता न्यायाधिकरणाने सरकारी वैद्यकीय मंडळापुढे तपासणी करायला सांगितलं आहे. तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. पुन्हा तेच होईल याची धास्ती आहे. दादा खोटं बोलत नाही, त्याला खरंच वाटतं की तो ठीक आहे. कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून सांगा.

देवबागची_पोर | १४ मे, रात्री १०:५०

ताई, वाचून अंगावर काटो इलो. माझ्या घोवाचा असाच झाला. बोटीवर विंचचो दोर तुटलो आणि डोक्याक बसलो. सीटीत काय गावला नाय. डॉक्टर म्हणता सगळा नॉर्मल. पण घराक इलो तो वेगळोच माणूस. पयलो कधी पोरांवर हात उचलूचो नाय, आता भाजीत मीठ कमी पडला तरी ताट भिरकावता. मगे आपणच रडत बसता. लोकांक सांगूक गेला तर म्हणतत, धडधाकट दिसता, काय झाला तेका?

तुमच्या वैनीक सांगा, ती एकटी नाय.

खेडचा_वकील | १४ मे, रात्री ११:२०

ताई, तीन गोष्टी लगेच.

विमा कंपनीचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे. त्या डॉक्टरांना कंपनीने नेमलंय आणि फी कंपनीने दिली आहे. त्या तपासणीला स्वतंत्र म्हणायची पद्धत पडली आहे एवढंच. अहवाल नुसता दाखल करून भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं आणि तुमच्या वकिलांना उलटतपासणीचा हक्क आहे. वीस मिनिटं, घरच्यांना न विचारणं, स्पिरिटचा बोळा, हे सगळे प्रश्न तिथे विचारायचे.

दुसरं, टक्क्यांचा घोळ. सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल तुमच्या वकिलांना पाठ असेल. त्यात स्पष्ट सांगितलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईचं नुकसान किती टक्के, या दोन गोष्टी एक धरू नका. डावा हात गमावलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची जवळजवळ सगळी कमाई जाते. तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. हात तोच, टक्के तेच, नुकसान वेगळं. तेव्हा न्यायाधिकरणाने आधी बघायचं की माणसाला आता काय जमतं आणि काय जमत नाही, मग त्याचा पूर्वीचा धंदा काय होता, आणि मग तो धंदा किंवा दुसरं काही करून तो किती कमवू शकतो. तुमच्या दादाच्या बाबतीत सगळी लढाई या दुसऱ्या प्रश्नावर आहे. मासळीच्या व्यापाऱ्याचं नाक गेलं म्हणजे काय गेलं, हे मंडळाला आणि न्यायाधीशांना कोणीतरी समजावून सांगायला हवं.

आकडा मांडून दाखवतो. महिन्याची कमाई समजा २०,००० धरली. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. वर्षाचे २,४०,०००, गुणिले १५ म्हणजे ३६ लाख. कमाईचं नुकसान पाच टक्के धरलं तर १,८०,०००. पंचवीस टक्के धरलं तर नऊ लाख. सत्तर टक्के सिद्ध झालं तर २५,२०,०००. उपचार, वेदना, पुढची वाढ हे सगळं वेगळं. एका ओळीतल्या आकड्यावर पुढची वीस वर्षं ठरतात, म्हणून सांगतोय.

तिसरं, जून ही तारीखच चुकीची आहे. पण ते उद्या लिहितो, आता उशीर झाला.

निळी_गोकर्णी | १५ मे, सकाळी ७:३५

मी चेता-मानसतज्ज्ञ आहे, म्हणजे मेंदूच्या इजेचा आठवणीवर, विचारांवर, वागण्यावर काय परिणाम झाला ते तपासणारी. मूळची वेंगुर्ल्याची, सध्या कोल्हापुरात. अशा चाचण्या घेणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या दादाला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी वासाचं, कारण तिथली चूक सरळ दिसते. वासाच्या नसा नाकाच्या छताशी हाडाच्या चाळणीसारख्या पातळ भागातून मेंदूकडे जातात. डोक्याला जोराचा झटका बसला की मेंदू पुढे सरकतो आणि तिथे त्या बारीक धाग्यांसारख्या तुटतात. कपाळामागच्या माराबरोबर हे वारंवार दिसतं. पण स्पिरिट किंवा अमोनिया नाकाशी धरला तर जळजळ होते, आणि ती जळजळ वेगळीच नस वाहून नेते. ती चेहऱ्याची संवेदना सांभाळणारी नस. वास पूर्ण गेलेला माणूससुद्धा स्पिरिटला मान झटकतो. वासासाठी कॉफी, हिंग, लवंग असं काहीतरी वापरायचं, डोळे मिटून, एक एक नाकपुडी बंद करून. तेव्हा त्या अहवालातली ‘वास येतो’ ही ओळ त्या तपासणीवरून टिकत नाही.

आता तीसपैकी सत्तावीस. ती चाळणी-चाचणी आहे, म्हणजे पटकन प्राथमिक अंदाज घेण्याची, मुख्यतः विसराळूपणासाठी बनवलेली. कपाळामागच्या भागाला मार लागलेली कितीतरी माणसं तिच्यात चांगले गुण मिळवतात. कारण असं, की खोली शांत असते, समोरचा माणूस एका वेळी एकच प्रश्न विचारतो, पुढे काय करायचं तेही तोच सांगतो. आधी काय, नंतर काय, कुठे थांबायचं, ही सगळी व्यवस्था तपासणारा पुरवत असतो. नेमकी तीच व्यवस्था तुमच्या दादाच्या मेंदूत मोडली असावी. लिलावात ती कोणी पुरवत नाही. तिथे चार जण एकदम बोली लावतात, बर्फाचा हिशोब, टेम्पोचं भाडं, खेडला काल काय भाव होता, हे सगळं एका क्षणात डोक्यात धरायचं आणि आपली बोली झाली की गप्प बसायचं. स्वतःच्याच बोलीवर बोली लावणं हे तुम्ही सांगितलेलं उदाहरण कुठल्याही चाचणीपेक्षा बोलकं आहे. तेच मंडळापुढे जायला हवं.

आणि “मी ठीक आहे”. आपल्यात काय बदललं हेच न कळणं, हा अनेकदा इजेचाच भाग असतो. त्याला तो जुमानत नाही असं समजून घरच्यांनी चिडू नये, आणि तपासणाऱ्यानेही फक्त त्याच्या शब्दावर जाऊ नये. म्हणूनच या तपासणीत घरच्या माणसाची स्वतंत्र मुलाखत हवी. तिच्याशिवाय तपासणी अर्धीच.

काही प्रश्न: बेशुद्धीनंतर सलग आठवण कधीपासून आहे त्याला? पहिला एमआरआय कधी काढला? फिटचं औषध चालू आहे का?

हर्णैकरीण | १५ मे, दुपारी १:१५

निळी_गोकर्णीताई, किती आभार मानू. शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि वहिनीला फोन करून मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कारण सांगितलं.

इस्पितळातले नऊ दिवस त्याला आठवतच नाहीत. घरी आल्यावरचेही पहिले तीन-चार दिवस नाहीत. घरी पहिली आठवण शेजारच्या काकू पेज घेऊन आल्याची. एमआरआय काढलेलाच नाही, फक्त सीटी. फिट एकदा आली होती, चौथ्या महिन्यात, तेव्हापासून गोळी चालू आहे.

निळी_गोकर्णी | १५ मे, दुपारी ३:००

सलग आठवण परत यायला एक आठवड्याहून जास्त लागला असेल तर त्या इजेला कोणी किरकोळ म्हणू नये. ही गोष्ट अहवालात आहे का बघा. नसेल तर शेजारच्या काकूंसकट सगळं लिहून ठेवा. इस्पितळाच्या कागदांत दाखल होतानाचा शुद्धीचा गुणांक असेल, तीनपासून पंधरापर्यंतचा. तेरा ते पंधरा सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा त्याखाली गंभीर. तो कागद मिळवाच.

एमआरआय करून घ्या, आणि सूक्ष्म रक्तस्राव दिसणारी खास चित्रं त्यात मागा. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं लागतं. मेंदूतले ताणले गेलेले, तुटलेले तंतू सीटीत बहुधा दिसत नाहीत. देवबागच्या ताईंनी ‘सगळा नॉर्मल’ लिहिलंय, तिथेही हीच शक्यता असते. पण एमआरआय स्वच्छ आला म्हणून त्रास खोटा, असंही नसतं.

सविस्तर चाचण्यांसाठी निमहान्स या बंगळूरच्या मेंदू-मनोविकार संस्थेची २००४ सालची चाचण्यांची मालिका आपल्याकडे वापरतात. तिच्यात आपल्याच देशातल्या माणसांचे वयाप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे मापदंड आहेत. दहावी झालेल्या माणसाची तुलना पदवीधराशी होत नाही. तीन-चार तास लागतात, थकवा येतो, दोन बैठकांत करावं. रात्री झोप झालेली हवी, गोळ्या नेहमीप्रमाणे घेतलेल्या हव्यात, चष्मा न्यायला विसरू नका. अपघाताला दीड-दोन वर्षं झालीत ही वेळ योग्य आहे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होत असते, तेव्हा कायमचं काही ठरवणं घाईचं होतं.

खेडचा_वकील | १५ मे, संध्याकाळी ६:४०

काल अर्धवट राहिलेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या. लिलाव नाही, टेम्पो नाही, उधारीवाले नाहीत. दादा घरात पडवीत बसलेला, शांत. तुमची पहिली तपासणीही जूनमध्येच झाली होती ना? बंदीच्या दिवसांत माणूस बरा दिसणारच, कारण त्याच्यावर कामाचा भार नाही. तारीख पुढे मिळाली तर उत्तम, तसा अर्ज करा. नाही मिळाली तर निदान हंगामातले प्रसंग लिहून द्या.

मंडळावर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ असावेत आणि सविस्तर चाचण्या करून मगच मत द्यावं, असा विनंतीअर्ज वकिलांमार्फत न्यायाधिकरणात द्या. ज्या मंडळात फक्त हाडांचे डॉक्टर बसलेत ते सांधे किती वाकतात तेच मोजतील, त्यांचा दोष नाही. आणि मंडळाला नेमके प्रश्न लिहून पाठवायला सांगा. ‘अपंगत्व किती’ एवढंच विचारलं तर उत्तरात नुसता आकडा येतो. ‘हा माणूस लिलावात मासळी खरेदी करू शकेल का, वासावरून माल पारखू शकेल का, पैशांचे निर्णय एकटा घेऊ शकेल का’, असं विचारलं तर त्याचं उत्तर द्यावं लागतं.

अपंगत्वाचं जे ओळखपत्र असतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं, तेही काढून ठेवा. चाळीस टक्क्यांची अट तिथे योजनांसाठी आहे. दाव्यात मात्र तो आकडा कमाईच्या नुकसानाचा पुरावा म्हणून जसाच्या तसा चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक तो कागद मिळाला की निश्चिंत होतात.

देवबागच्या ताई, तुमचं प्रकरण निराळं आहे. कामावर असताना बोटीवर अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकाकडून, आणि जुन्या अपघातांना १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. त्यात कलम ११ आहे: अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली तर कामगाराने जावं लागतं. नाकारली किंवा अडथळा आणला तर तेवढा काळ भरपाईचा हक्क थांबतो. तेव्हा तपासणी टाळू नका. मात्र स्वतःच्या डॉक्टरांचे कागदही तयार ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. किती दिवस झाले?

देवबागची_पोर | १५ मे, रात्री ८:०५

सव्वा वर्ष झाला वकीलदादा. मालकान खर्च केलो, आता तो फोन उचलत नाय. मालवणात वकील बघतंय. उपकार झाले तुमचे.

निवृत्त_विमावाला | १६ मे, सकाळी ९:२०

मी एकतीस वर्षं विमा क्षेत्रात दाव्यांच्या विभागात काढली. इथे माझी बाजू कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो, कारण हर्णैकरीण ताईंच्या भल्याची आहे.

खोटे दावे येतात. डोक्याच्या माराचे तर खूप येतात, कारण डोक्यातलं कोणाला दिसत नाही. म्हणून कंपनी डॉक्टर पाठवते, कधी माणूस पाठवून चित्रीकरणही करवते. चाचण्यांमध्येही काही अशा असतात की ज्यात मेंदूला खरा मार असलेला माणूससुद्धा सहज पास होतो. तिथे कोणी मुद्दाम चुकला तर कळतं. एकदा ते कळलं की बाकीचं खरं असलेलंही कोणी मानत नाही. मी हे होताना पाहिलंय. खरोखर इजा झालेला माणूस होता, नातेवाइकांनी सांगितलं होतं, “जरा जास्त विसर”. त्याचा दावा कोसळला. तो चेहरा अजून आठवतो.

तेव्हा दादाला काहीही पढवू नका. जेवढं जमतं तेवढं मनापासून करू दे. वहिनी लिहीत असतील तर चांगले दिवसही लिहू देत. ज्या वहीत फक्त वाईट दिवस असतात ती वही कोणी खरी मानत नाही.

आणि वीस मिनिटांत मेंदूची तपासणी उरकून पाच टक्के लिहिणं, हे मी नोकरीत असतानाही मान्य केलं नसतं.

निळी_गोकर्णी | १६ मे, सकाळी १०:१०

विमावाले काका, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. शब्द न् शब्द खरा आहे.

केळशीकर | १६ मे, रात्री ११:४५

मी केळशीचा, बारा वर्षं कॅनडातल्या ओंटारियोत. इथे वाहन अपघातानंतर स्वतःच्याच विमा कंपनीकडून उपचाराचे आणि बुडालेल्या पगाराचे पैसे मिळतात, आणि ते चालू ठेवायचे की नाही हे ठरवायला कंपनी तिने निवडलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करवू शकते. बायकोला दोन वर्षांपूर्वी मागून गाडी ठोकली, डोक्याला धक्का. तिची अशी तपासणी झाली. नाकारली तर पैसे थांबू शकतात, म्हणून गेलो. पण अहवालाची प्रत आम्हाला मिळाली, आणि तो मान्य नसेल तर वाद पुढे नेता येतो.

इंग्लंडात माझा चुलतभाऊ असतो. तो सांगतो, तिथल्या दिवाणी न्यायालयात तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य न्यायालयाशी असतं. फी कोणीही देवो. अहवालात तसं लिहून द्यावं लागतं. मला ही पद्धत फार पटली.

आम्ही एक केलं ते सांगतो. आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, काय विचारलं, काय विचारलं नाही, हे बाहेर पडल्या पडल्या गाडीत बसून लिहून काढलं. नंतर अहवालात ‘दीड तास तपासलं’ असं आलं, तेव्हा ते कामी आलं.

लाल_माती | १७ मे, दुपारी १२:३०

थोडं अवांतर होईल, पण विषयाला धरून आहे. आमच्या आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. बागायतीवरून काकांचा आणि आमचा वाद. गेल्या महिन्यात काकांनी त्यांच्याकडून मृत्युपत्र करवून घेतलं आणि गावातल्या एका डॉक्टरांचं ‘मानसिक स्थिती उत्तम’ असं दोन ओळींचं प्रमाणपत्र जोडलं. आजोबा मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. याला काही इलाज?

खेडचा_वकील | १७ मे, दुपारी २:१०

आहे. १९२५ च्या वारसा कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मृत्युपत्र करताना मन स्थिर हवं. आजार आहे म्हणून आपोआप मृत्युपत्र रद्द होत नाही, त्या दिवशी काय करतोय हे त्यांना समजत होतं का, हा प्रश्न. आपली मालमत्ता कोणती, वारस कोण, कोणाला काय देतोय, हे विचारून उत्तरं लिहिलेली असतील तर त्या प्रमाणपत्राला वजन. दोन ओळींना फार नाही. आजोबांचे उपचाराचे जुने कागद सांभाळा आणि लवकरात लवकर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. बाकीचं वेगळ्या धाग्यात लिहा, या ताईंचा धागा वाहवायला नको.

हर्णैकरीण | २९ जून, रात्री ९:३०

सगळ्यांना नमस्कार. मंडळापुढची तपासणी झाली, ते सांगायला परत आले आहे.

तारीख पुढे मिळाली नाही. पण आमच्या वकिलांनी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला, मंडळात मनोविकारतज्ज्ञ बाई होत्या. आधी आम्ही एमआरआय केला. कपाळामागे दोन्ही बाजूंना जुन्या माराचे व्रण दिसले, आणि आत खोलवर बारीक काळे ठिपके. दादाने ते चित्र बराच वेळ बघितलं. काही बोलला नाही.

तपासणी दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी चाचण्या. दुपारनंतर दादा इतका थकला की खुर्चीतच झोपला, मग त्यांनी थांबवलं. दुसऱ्या दिवशी वहिनीला वेगळं बोलावलं. पाऊण तास. तिने वही पुढे ठेवली. दोनशे पानी, मुलाच्या शाळेतली उरलेली. विमावाले काका, तुम्ही सांगितल्यावर मी तिला म्हटलं होतं, चांगले दिवसही लिही. ती म्हणाली, आधीपासून लिहितेय. खरंच होते. ‘आज यांनी स्वतःहून आंब्याच्या पेट्या मोजल्या, बरोबर मोजल्या.’ ‘आज पोराला पोहायला नेलं, दोघं हसत आले.’ आणि मधेच, ‘गॅस चालू ठेवून निघून गेले. वास आला नाही. मी मागीलदारी होते.’ त्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं.

वासासाठी हिंगाची डबी, कॉफी आणि लवंग. डोळे मिटून. दादा प्रत्येक वेळी म्हणाला, “काही नाही.” तिसऱ्या वेळी म्हणाला, “तुम्ही नाकाशी धरलंय ना नक्की?” तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. मला वाटतं, त्याला स्वतःला ते त्या क्षणी कळलं.

अहवाल थेट न्यायाधिकरणाकडे जाणार. आकडा आम्हाला अजून माहीत नाही. पुढची तारीख ऑगस्टमध्ये.

येताना एसटीत दादाने वहिनीकडे वही मागितली. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. खिडकीशी बसून तो वाचत राहिला, पाऊस आत येत होता तरी खिडकी लावली नाही. दापोली यायच्या आत त्याने वहिनीच्या पर्समधून पेन घेतलं आणि नासलेल्या पाटीच्या पानावर खाली काहीतरी लिहिलं. घरी येऊन आम्ही बघितलं. लिहिलं होतं, ‘ते बांगडे नव्हते, तारली होती. आणि बर्फ मी कमी घातला होता.’

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. वहीत त्याने स्वतःच्या हाताने असं काही लिहिलं तर चालतं का? वहिनीला भीती वाटतेय की पुरावा बिघडला.

खेडचा_वकील | २९ जून, रात्री १०:०५

चालतं. खोडू नका, पान फाडू नका. कोणी, कुठल्या तारखेला, कुठे बसून लिहिलं, ते शेजारी वहिनींना लिहायला सांगा. आणि तो लिहीत असेल तर लिहू दे.

देवबागची_पोर | २९ जून, रात्री १०:३०

ताई, मी पण उद्या वही हाडतंय.